अकरा मिनिटांचं गाऱ्हाणं

माळ्यावरून माटवी खाली काढली आणि तिच्या फडक्यातून तो माझ्या पायावर पडला. माटवी म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायची लाकडी चौकट. वर्षभर ती बाबांच्या जुन्या धोतरात गुंडाळून ठेवलेली असते. तिच्यात कोणी काय लपवलंय हे मी विसरलो होतो. लपवणारा मीच होतो म्हणा. तो माझा पहिला एमपी-थ्री प्लेअर होता. निळा, काडेपेटीपेक्षा जरासा लांब, कोपऱ्यावर रंग उडालेला. मागची बाजू टरटरून फुगली होती. आई शप्पथ सांगतो, धोतरातून साप निघाला असता तरी मी एवढा मागे सरलो नसतो.

"लागला काय रे?" आईनं विचारलं.

"नाय."

"मगे असो पांढरो कित्या पडलस?"

दाराशी खाटेवर बाबा बसले होते. त्यांनी प्लेअर बघितला, मग माझ्याकडे बघितलं. शिमग्यापासून बाबांच्या तोंडून शब्द नाही. उजवा हात, उजवा गाल आणि आवाज, तिन्ही एकाच सकाळी गेले. डोळे मात्र पूर्वीसारखेच आहेत. त्या डोळ्यांनी ते माझ्याकडे बघत राहिले आणि मी उगाच माटवीवरची धूळ पुसत बसलो.

गणपतीला चार दिवस होते. गाऱ्हाणं कोण घालणार हा प्रश्न घरात गेले पाच महिने कोणी काढला नव्हता.

आमच्याकडे गणपती बसला की आरतीच्या आधी गाऱ्हाणं होतं. घरातला मोठा माणूस देवापुढे हात जोडून उभा राहतो आणि मोठ्यानं, एका दमात, देवाला सगळं सांगतो. गावच्या राखणदारांची नावं घेतो, कुळातल्यांची घेतो, चुकलं-माकलं पदरात घ्यायला सांगतो, घरातल्या एकेकासाठी काय हवं ते मागतो. प्रत्येक मागण्यानंतर बाकीचे म्हणतात, 'व्हय म्हाराजा!' काळाचौकीच्या आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत हे गाऱ्हाणं बाबांनी आयुष्यभर घातलं. गाऱ्हाणं लिहून ठेवायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. नावांचा क्रम ठरलेला. एक नाव जरी गळलं तर तो राखणदार रुसतो, आणि रुसला की घरातल्या कोणाच्या तरी मागे लागतो. मी यावर विश्वास ठेवत नाही, असं मी पंचवीस वर्षं चारचौघांत सांगत आलोय. पण बाबांचा आवाज गेल्यापासून माझ्या डोक्यात हिशेब एकच चालू होता, की मागच्या वर्षी त्यांच्याकडून एखादं नाव तर गळलं नव्हतं ना.

त्या फुगलेल्या डबीत बाबांचं एक गाऱ्हाणं होतं. अकरा मिनिटांचं. जगात दुसरीकडे कुठेच नव्हतं.

या यंत्रांचं वेड मला लागलं ते वॉकमनपासून. मी सहावीत असताना मामा मस्कतहून आला आणि त्याच्या बॅगेतून तो निघाला, काळा, जड, कमरेला अडकवायचा. त्याच्या हेडफोनला केशरी स्पंज होता. त्या स्पंजाचा वास मला आजही येतो. नव्या रबराचा, थोडा औषधासारखा, आणि महिन्याभरानं त्यात मिसळलेला माझ्या केसांतल्या खोबरेलाचा. मे महिन्यात गॅलरीत चटई टाकून मी पडायचो, पोटावर वॉकमन. कॅसेट अडकली की पेन्सिल घालून फिरवायची, टेप चुरगळली असेल तर नखानं सरळ करायची. बटण दाबलं की आधी नुसती खरखर यायची. गाण्याच्या आधीची ती खरखर मला गाण्याइतकीच आवडायची.

बाबांना ते बघवायचं नाही. ते साचेखात्यात होते, गिरणीतल्या मागांच्या खात्यात. शेकडो माग एकदम धडधडायचे, पाळीच्या पाळी. तिथं काम केलेल्या माणसाचे कान शाबूत राहत नाहीत. बाबा चाळीशीतच अर्धे बहिरे झाले होते. गिरणी बंद पडून वर्षं लोटली तरी घरात ओरडूनच बोलायचे, कारण त्यांना स्वतःचाच आवाज ऐकू यायचा नाही.

"कान जातले मेल्या तुझे!" ते गरजायचे. "माझे गेले, माका त्येचो पगार गावत होतो. तू घरचे पैसे घालून घालवतंस!"

मी ऐकतच नव्हतो, कानात स्पंज होता. मग ते समोर येऊन बसायचे आणि साचेखात्यात बोलायचे तसे बोलायला लागायचे. तिथं आवाजाचा उपयोग नसायचा. कामगार एकमेकांशी नुसत्या ओठांनी बोलायचे, हळू, तोंड मोठं करून, आवाज न काढता. दोन मागांपलीकडच्याला पाणी मागायचे, शिव्या द्यायचे, रविवारी कुठं जायचं ते ठरवायचे. बाबा माझ्याशी तसंच बोलायचे. जे-वू-क च-ल. सा-य-बा-नू उ-ठा. मी स्पंज न काढता उत्तर द्यायचो, तसंच, बिनआवाजी. आई कालवण ढवळता ढवळता म्हणायची, "इले दोन मुके!" हे कधी सुरू झालं आणि मी ते कधी शिकलो ते आठवत नाही. चाळीतल्या पोरांना वाटायचं आमच्या घरात काहीतरी गडबड आहे.

निळा प्लेअर मी पहिल्या पगारात घेतला. लॅमिंग्टन रोडच्या एका गाळ्यात, काचेखाली तो ठेवलेला होता. वरचं पातळ प्लास्टिक सोलताना होणारा तो चर्र आवाज, आणि आतून येणारा गार वास. घरी येईपर्यंत खिशातला हात मी बाहेर काढला नाही. त्याच्यात आवाज टिपायची सोय होती, आणि मी वेडाच झालो. पहाटे नळाला पाणी यायच्या आधी पाइपातून येणारा घोघो टिपला. आई बांगडे तळायची तो चुरचुराट टिपला. जन्माष्टमीनंतर पोरं मंडपात ढोल-ताशाची तालीम करायची, ती टिपली. लालबागच्या मसाल्याच्या गल्लीत मिरच्या कुटणाऱ्या डंकांचा ठोका टिपला, शिंकत शिंकत. आणि त्या वर्षी गणपतीत बाबांचं गाऱ्हाणं टिपलं.

मी अगदी जवळ उभा होतो, प्लेअर तळहातावर. सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणत होते. मी म्हणत नव्हतो, आवाज बिघडला असता. माझं लक्ष लाल दिव्याकडे आणि पुढे सरकणाऱ्या आकड्यांकडे होतं. बाबा काय मागतायत ते मी ऐकलंच नाही. ऐकायचं कशाला? येतंय ना सगळं आत, नंतर ऐकू.

नंतर मी एकदा त्यांच्याच कानात इअरफोनची बोंडं घातली आणि आवाज पूर्ण वाढवला. बाबा दचकले. मग हळूहळू त्यांचा चेहरा असा झाला, कसं सांगू, लहान पोराला पहिल्यांदा आरसा दाखवावा तसा. स्वतःचा आवाज ते कितीतरी वर्षांनी नीट ऐकत होते. मिनिटभर ऐकलं आणि बोंडं काढून माझ्या हातात दिली. म्हणाले, "म्हातारो झालंय रे."

पुढचं सांगायला मला अजून नको वाटतं.

दोन-तीन वर्षांनी ऐन चतुर्थीला बाबा तापानं फणफणले होते. आतल्या बाजूला, पडद्याआड झोपवलेलं. भटजी घाईत, माणसं जमलेली, आणि गाऱ्हाणं घालायला कोणी नाही. मला काय हुशारी सुचली! मी प्लेअरला दोन छोटे स्पीकर जोडले, गणपतीपुढे पाटावर ठेवले आणि बटण दाबलं. बाबांचा आवाज घुमला. माणसं आधी चपापली, मग कोणीतरी 'व्हय म्हाराजा' म्हणालं आणि सगळेच म्हणायला लागले. काडेपेटीएवढ्या डबीला हात जोडून. मला तर छाती फुगल्यासारखं झालं होतं.

सातेक मिनिटं झाली असतील. पडदा हलला. बाबा भिंतीला धरून उभे होते, घामानं बनियन चिकटलेलं. त्यांना ऐकू कसं गेलं, देव जाणे. ते ओरडले नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना इतकं हळू बोलताना मी ऐकलं.

"माझो आवाज माझ्याशिवाय कित्या बोलता?"

मी बटण दाबून बंद केलं. उरलेलं गाऱ्हाणं त्यांनी तशा तापात उभं राहून पुरं केलं. विसर्जनानंतर माटवी गुंडाळताना मी प्लेअर तिच्या फडक्यात सरकवला आणि पुढच्या वर्षी माटवी बाबांनी काढली. तो त्यांना दिसला असणार. त्यांनी तो परत तसाच गुंडाळून ठेवला असणार, दरवर्षी. आमच्यात त्यावर एक शब्द झाला नाही.

मधल्या काळात माझ्या हातातून किती यंत्रं गेली! पांढरे प्लेअर, चपटे प्लेअर, मग फोन. बटणांचे फोन, सरकणारे फोन, पहिला नुसत्या काचेचा फोन, ज्याच्यावर बोट फिरवताना मला उगाच ओशाळल्यासारखं व्हायचं. दरवेळी नवा आला की जुना खणात. दरवेळी मला वाटायचं, सगळं कुठंतरी वर, इंटरनेटवर, साठलेलं आहे. पाण्याचा घोघो, बांगडे, डंक, सगळं. वर काही नव्हतं. आणि शिमग्याच्या त्या सकाळी, बाबा तोंड उघडतायत आणि आवाज येत नाही हे बघताना, मला ते वाक्य आठवलं. माझो आवाज माझ्याशिवाय. तेव्हापासून मला खरंच भीती वाटते. दिवसाढवळ्या, दादरच्या ऑफिसात बसून, पंख्याखाली घाम फुटतो. मीच काढून घेतला का तो? काढून घेऊन डबीत कोंडला आणि डबी कुठं ठेवली तेच विसरलो?

तर तो फुगलेला प्लेअर. दुसऱ्याच दिवशी मी शेजारच्या मंग्याला बोलावलं. मंग्या माझ्या बरोबरीचा, मोबाइल दुरुस्त करतो, यंत्रांच्या बाबतीत माझ्यासारखाच बाद झालेला. त्यानं हातात घेतला नाही, वाकून बघितला.

"भावा, ही बॅटरी नाय, बॉम्ब आहे. टोचली की पेटणार."

"पण बाकीचा जिवंत असेल ना?"

"काय आहे त्यात एवढं?"

मी दाराकडे बघितलं. बाबा खाटेवर होते. मंग्या समजला.

मंडपासाठी आणलेल्या रेतीतली एक बादली आम्ही गॅलरीत आणली. मंग्यानं जुनं प्लास्टिकचं कार्ड फटीत घातलं आणि केसाकेसानं सरकवायला लागला. दुपारची वेळ, गॅलरीभर कोणाच्या तरी मोदकाच्या सारणाचा वास. मी एवढा वाकून बघत होतो की त्यानं मला लांब बसवलं. टक्क झालं. फुगलेली बॅटरी निघाली आणि मंग्यानं ती चिमट्यानं धरून रेतीत पुरली. मग कॉम्प्युटरला वायर जोडली. पडद्यावर एकच प्रश्न आला: या डिस्कला फॉरमॅट करायचं का? म्हणजे सगळं पुसायचं का. पुढे होय आणि नाही.

"वायर काढ!" मी ओरडलो. "काढ आधी!"

मंग्यानं काढली. मग त्यानं नुसता पॉवर बँकेचा करंट दिला. काहीच झालं नाही. मी दहापर्यंत मोजलं. आकाशी उजेड आला, फिकट, आणि त्यात आवाजांची यादी. सातव्या नंबरवर गाऱ्हाणं.

"ऐक आणि लगेच फोनवर रेकॉर्ड करून घे," मंग्या म्हणाला. "एका मिनिटाचं काम. हा कधी पण डोळे मिटेल."

मी बोंडं कानात घातली. माझ्या डाव्या कानात दोन वर्षं शिट्टी वाजतेय, बारीक, न थांबणारी. ती मी घरात कोणाला सांगितलेली नाही. त्या शिट्टीच्या मागून बाबा बोलायला लागले.

"बा देवा म्हाराजा! आज वरसाचो सण. तुझी लेकरां तुझ्या पायाकडे उभी रवली हत. पान-फूल, नारळ, जा काय भोळ्या भावान केला, ता गोड मानून घे रे म्हाराजा!"

व्हय म्हाराजा! त्या गर्दीत आई होती, मामा होता, मंग्याची आजी होती. मी नव्हतो. मी मुका उभा राहून आकडे बघत होतो. नावं आली, एकामागून एक. मागणी आली. आणि दहाव्या मिनिटाला, जिथपर्यंत मी कधी ऐकलंच नव्हतं:

"ह्यो माझो झील. दिवसभर कानात बोंडां घालून फिरता. माझ्यासारखो बहिरो होवंदे नको. ह्येचे कान राख रे म्हाराजा!"

मी गॅलरीत रेतीच्या बादलीशेजारी बसून रडलो. मंग्या उठून आत गेला.

मग मी फोन काढला. एक बोंड फोनला टेकवलं, अंगठा लाल ठिपक्यावर नेला. दारातून बाबा बघत होते. माझा अंगठा खाली जाईना. 'माझो आवाज माझ्याशिवाय' हे पुन्हा ऐकायची माझ्यात ताकद नव्हती, आणि आता तर बाबा ते म्हणूही शकत नव्हते. मी फोन खिशात टाकला.

"वेडा आहेस तू," मंग्या बाहेर येऊन म्हणाला. असेन.

उरलेले दिवस मी ते पाठ केलं. डाव्या खिशात पॉवर बँक, उजव्या हातात प्लेअर, मध्ये वायर. दादरच्या फुलबाजारात दूर्वा घेताना बाबा कानात राखणदारांची नावं घेत होते. डिलाईल रोडवर मखराची फुलं आणायला गेलो तेव्हा ते चुकलं-माकलं पोटात घालायला सांगत होते. वायर जरा हलली की आवाज जायचा, आणि परत सुरू होईपर्यंत माझा जीव वर-खाली. प्लेअर तापायचा. प्रत्येक वेळी वाटायचं, ही शेवटची. गावचो म्हाराजा, मग कुळाचो पुरुस, मग तळ्यावरची, मग पाणंदीवरचो म्हातारो, मग गेले-इलेले सगळे. मी ओठांतल्या ओठांत घोकायचो आणि लोक बाजूला सरायचे. चतुर्थीच्या सकाळी वायर लावली आणि उजेड आला नाही. मंग्यानं कानाकोपऱ्यात फुंकर मारली, दुसरी वायर लावली, मान हलवली. बस्स.

दुपारी बारा वाजता मी गणपतीपुढे उभा राहिलो. माटवीला भोपळा, काकड्या, कवंडळाची लाल फळं, सुपारीचा घोस. खोलीत माणसं मावत नव्हती. बाबांना खुर्चीवर बसवून गणपतीच्या बाजूला, माझ्या समोरच आणलं होतं. आईनं त्यांचं धोतर नीट केलं आणि मला म्हणाली, "घाल रे."

माझा आवाज फाटला, पण निघाला. बा देवा म्हाराजा. वरसाचो सण. व्हय म्हाराजा! गावचो म्हाराजा. व्हय म्हाराजा! कुळाचो पुरुस. तळ्यावरची. आणि पुढे काळोख.

नाव नाही. इतक्या वेळा ऐकलेलं, नाहीच. डाव्या कानात फक्त शिट्टी. माणसं थांबली. कोणीतरी खाकरलं. मला उदबत्तीचा वास अचानक असह्य झाला. एक नाव गळलं की तो रुसतो, मागे लागतो. माझ्या घरात मागे लागण्यासारखं आणखी राहिलंय काय, आई आणि समोर बसलेला हा माणूस. मी घाबरून बाबांकडे बघितलं.

त्यांचे ओठ हलत होते.

उजवी बाजू ढिम्म. डावी बाजू मात्र हलत होती, सावकाश, तोंड मोठं करून, आवाज न काढता. ओठ मिटले, उघडले. जीभ दातांमागे गेली. पा-णं-दी. पुन्हा ओठ मिटले. म्हा-ता-रो. मी सहावीत होतो, कानात केशरी स्पंज होता, आणि ते मला जेवायला बोलावत होते.

"पाणंदीवरचो म्हातारो!" मी ओरडलोच. "त्येनी आमची राखण करूची रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

पुढचं सगळं मी त्यांच्या ओठांवरून घातलं. पाठ केलेलं आठवत होतं, तरी मी बघूनच बोललो. ते आधी, मी मागून. कानांच्या मागण्याशी ते आले. मी ते म्हटलं नाही. त्या जागी मी म्हणालो, "ह्यो माझो बापूस. ह्येचा बोलणा माका दिसत रवांदे रे म्हाराजा." माणसांना ते कळलं नसेल, पण व्हय म्हाराजा म्हणाली. बाबांचे ओठही दोनदा मिटले आणि उघडले.

आरती झाल्यावर मंग्यानं कोपऱ्यात गाठलं. "रेकॉर्ड केलंस ना रे? निदान आज तरी?"

"नाय."

"कमाल आहे तुझी!"

काय करणार होतो रेकॉर्ड करून? त्यात माझाच आवाज आला असता. आईला मी विचारलं, तू आयकलंस काय गो, बाबा बोलले ते. ती नैवेद्याचं ताट झाकत होती. म्हणाली, "आयकूक कसला? बघलंय मी."

पाच दिवसांनी विसर्जन झालं. माटवी गुंडाळताना प्लेअर मी परत त्याच धोतरात ठेवला, बॅटरीशिवाय, हलका झालेला. बाबा बघत होते. तेव्हापासून ते काही बोललेले नाहीत, ओठांनीही नाही. मी ऑफिसातून येतो, फोन चार्जिंगला लावतो, बोंडं खणात टाकतो आणि त्यांच्या समोर स्टूल घेऊन बसतो. आई म्हणते, टीव्ही लाव, काहीतरी ऐक. मी लावत नाही. आवाजात लक्ष गेलं आणि तेवढ्यात त्यांचे ओठ हलले, तर?